घरचा स्टुडिओ आणि ऑडिओ इंटरफेस: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी बुवा, दशावतारात पेटी वाजवणारे, नमनाच्या मंडळातली कॉलेजची मुलं, घरी बसून कविता वाचणारे निवृत्त शिक्षक, अशांकडून आलेले हे प्रश्न आहेत. इंटरफेससोबत येणारी पुस्तिका पक्कं अर्थिंग, स्थिर वीज आणि कोरडी खोली गृहीत धरते. आपल्याकडे चिऱ्याचं घर असतं, वर कौलं किंवा पत्रा, समोरून खारा वारा आणि जूनपासून चार महिने पाऊस. त्यामुळे इथली उत्तरं थोडी वेगळी आहेत. चांगल्या आवाजासाठी आधी अर्थिंग, मग खोली, मग माइकची जागा, मग गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) आणि त्यानंतर महागडा इंटरफेस, या क्रमावर माझा ठाम विश्वास आहे. खालची उत्तरं त्याच विश्वासाने लिहिली आहेत.

मोबाइलवर रेकॉर्ड होतंच की. मग इंटरफेस कशाला?

माइकमधून निघणारा विद्युत संदेश फार क्षीण असतो. इंटरफेस तो वाढवतो, त्याचे आकडे करून यूएसबीने कॉम्प्युटरला देतो आणि परत येणारा आवाज हेडफोनला पोहोचवतो. मोबाइलमध्येही हे सगळं होतं, पण बोलण्यासाठी. आवाज वाढला की फोन आपोआप दाबतो, कमी झाला की उचलतो. गजर रंगात आला की पखवाजाच्या प्रत्येक थापेला बुवांचा आवाज मागे जातो, तो यामुळेच. झांज सुरू झाली की सगळंच फाटतं. आपल्या जिल्ह्यांतलं कितीतरी उत्तम गाणं अशा फाटलेल्या व्हिडिओंमध्ये अडकून पडलंय. ते गाणारे लोक असतानाच नीट रेकॉर्डिंग व्हायला हवं.

किती इनपुटचा इंटरफेस घ्यावा?

एकाच वेळी किती माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, ते आधी मोजा. एकट्याचं गाणं, कथावाचन किंवा पॉडकास्ट असेल तर एक माइक पुरतो, त्याला फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा इंटरफेस चालतो. पेटी आणि गळा वेगळा हवा असेल तर दोन माइक प्रीअँपचा (माइकचा क्षीण संदेश वाढवणारा भाग म्हणजे प्रीअँप) घ्या, म्हणजे स्कारलेट २आय२ किंवा बेहरिंजर यूएमसी२०२एचडी या वर्गातला. पूर्ण भजनी मेळ एकत्र बसवायचा असेल तर निदान चार प्रीअँप लागतात, यूएमसी४०४एचडीमध्ये तेवढे आहेत.

खोक्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. ‘चार इनपुट’ लिहिलेल्या यंत्रात कधी कधी माइकचे दोनच असतात आणि उरलेले दोन लाइनचे, कीबोर्ड किंवा मिक्सरसाठीचे. दुकानात विचारताना ‘माइक प्रीअँप किती?’ असंच विचारा.

पैसे थोडेच असतील तर साधा दोन प्रीअँपचा इंटरफेस, एक चांगला डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा), बंद कपांचा हेडफोन आणि भक्कम माइक स्टँड घ्या. स्टँडवर कंजुषी करू नका. हलका स्टँड सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर कलंडतो, आणि माइक पडला की सगळा हिशोब बिघडतो.

हेडफोनमध्ये सतत ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो. इंटरफेस खराब आहे का?

बहुतेक वेळा इंटरफेस ठीक असतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. ती गुणगुण ५० हर्ट्‌झवर आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० अशी ऐकू येते. ती कुठून शिरते हे एकेक वस्तू काढून शोधायचं.

पहिली चाचणी लॅपटॉपची. चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर चार्जर आणि घराचं अर्थिंग यांच्यात गोम आहे. पुष्कळ घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासून घ्यायलाच हवं. वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेटचा अर्थ मीटरने मोजून घ्या. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात नसलेली गुणगुण उन्हाळ्यात सुरू होते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असेल तर त्या महिन्यांत अधूनमधून पाणी घालत राहा.

गुणगुण घालवायला चार्जरची अर्थची पिन तोडा किंवा तिच्यावर टेप लावा, असा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नका. ओलसर जमिनीवर अनवाणी बसलेल्या माणसाचे ओठ माइकच्या जाळीला लागतात. अर्थ नसलेल्या जोडणीत गळती झाली तर तो करंट गाणाऱ्याच्या अंगातून जातो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर स्टुडिओच्या खर्चात पहिला आकडा त्याचा लिहा.

दुसरी चाचणी पंख्याची. बटणासारखा फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असेल तर तारेत कर्कश बझ सोडतो. पंखा बंद करा किंवा पूर्ण वेगावर ठेवून ऐका, फरक लगेच कळेल. तिसरी चाचणी वायरची. पी-३८ जॅकच्या (जाड, पाव इंची पिनेच्या) साध्या मोनो वायरवर लांबचा माइक जोडला असेल तर ती वायर अँटेनासारखी गुणगुण ओढते. कॅनन ते कॅनन (तीन पिनांच्या एक्सएलआर जॅकची) बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची गुणगुण कापणारी वायर वापरा आणि माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर टाकू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवर असतील तर दोघांना एकाच बोर्डावर आणा. पुष्कळदा एवढ्यानेच गुणगुण थांबते.

आमच्याकडे लायटीचो भरवसो नाय, मगे काय करूचा?

लॅपटॉप घ्या. यूएसबीवर चालणारा इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीतून वीज घेतो, आणि कोकणातल्या कुठल्याही प्लगपेक्षा ती वीज स्वच्छ असते. माझ्या मते महत्त्वाचा टेक बॅटरीवरच घ्यावा, लाइट असली तरी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग करू नका, त्याचा खरखरीत बझ प्रत्येक ट्रॅकमध्ये उतरतो. साइन वेव्हचा चालतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त असतात. आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. इंटरनेटची तांब्याची वायर आणि डिशची केबलही काढा. स्पाइक गार्ड लहानसहान झटके झेलतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

इंटरफेस जोडला, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही.

आधी वायर बदला. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही यूएसबी वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. इंटरफेसचा दिवा लागतो आणि पुढे काही होत नाही, तेव्हा संशय वायरवर घ्या. हब वापरू नका, थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा.

विंडोजवर कंपनीच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर उतरवून आधी इन्स्टॉल करा, मग इंटरफेस जोडा. त्यानंतर साउंड सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हींसाठी इंटरफेस निवडा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी चालू आहे ना, तेही बघा. ती बंद असेल तर सगळं बरोबर दिसतं आणि आवाजाची पट्टी मात्र हलत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर निवडा. ऑडासिटी वापरत असाल तर तिथे वासापी (विंडोजचा स्वतःचा ऑडिओ मार्ग) निवडा. मॅकवर बहुतेक इंटरफेस कोअर ऑडिओमुळे ड्रायव्हरशिवाय चालतात.

एकदा लागलं की पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर लॅपटॉप वीज वाचवायला मध्येच पोर्ट झोपवतो. टेक चालू असताना वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. टकटक, तुटका आवाज येण्यामागे पुष्कळदा हीच दोन कारणं असतात.

सॅम्पल रेट किती ठेवू? आमची पेटी रेकॉर्डिंगमध्ये चढी ऐकू येते.

या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा. ४४.१ किलोहर्ट्‌झवर घेतलेलं रेकॉर्डिंग यंत्राने ४८ समजून वाजवलं तर ते जलद आणि चढं वाजतं. फरक जवळजवळ दीड अर्धस्वराचा पडतो (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म्हणजे पांढरी एकची पेटी काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी जाऊन बसते. उलट झालं तर तेवढीच खाली येते. हे टाळण्यासाठी विंडोजचं साउंड सेटिंग, इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा. व्हिडिओसोबत जाणारं काम असेल तर ४८, कारण व्हिडिओ ४८वर चालतो. आजकाल सगळंच शेवटी व्हिडिओत जातं, म्हणून मी सरळ सगळीकडे ४८ सुचवतो. ९६ आणि १९२च्या मागे लागू नका. फाइल दुप्पट-चौपट होते आणि पडवीतल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा फायदा ऐकू येत नाही.

बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा तो आकडा) मात्र २४च ठेवा. १६ बिटमध्ये आवाजाचा पल्ला साधारण ९६ डेसिबल मिळतो, २४मध्ये कागदावर १४४. प्रत्यक्ष यंत्र तेवढं देत नाही, पण गेन कमी ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करण्याइतकी मोकळीक त्यातून मिळते.

चढ्या पेटीचं आणखी एक कारण असू शकतं, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो. जुन्या पेट्या ४४०च्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही. तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा कीबोर्ड सोबत वाजवणार असाल तर पेटीला हात लावू नका, अ‍ॅपच पेटीला जुळवा. बहुतेक अ‍ॅप्समध्ये सेंटची पट्टी असते, शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. पेटीचा सा धरून ठेवा, अ‍ॅपचा सा हळूहळू सरकवा आणि दोन्ही आवाजांतली थरथर थांबली की तो आकडा वहीत लिहून ठेवा.

आवाज फक्त डाव्या कानात येतो.

इंटरफेसचं पहिलं इनपुट म्हणजे डावं आणि दुसरं म्हणजे उजवं, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. तुम्ही स्टिरिओ ट्रॅकवर एकच माइक घेतला आहे. ट्रॅक मोनो करा आणि इनपुट १ निवडा, आवाज मधोमध येईल.

गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो.

आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि तो मुख्यतः बफरच्या आकड्यावर ठरतो. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढे नमुने. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८चं बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६चं ५.३, १०२४चं २१.३. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असं हे दोनदा मोजायचं, वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. रेकॉर्ड करताना १२८ ठेवा, तुटक आवाज आला तर २५६. मिक्सिंगच्या वेळी १०२४पर्यंत न्यायला हरकत नाही, तेव्हा कोणी गात नसतं.

सगळ्यात सोपा उपाय इंटरफेसवरच असतो, डायरेक्ट मॉनिटरचं बटण. ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालतच नाहीत, त्यांचा उशीर कुठल्याही बफरने भरून निघत नाही.

भजनाला क्लिक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) लावून रेकॉर्ड करावं का, असंही याच ओघात विचारलं जातं. लावू नका. गजराची लय चढत जाणं हा त्या गाण्याचा प्राण आहे. क्लिकवर बांधलेला गजर मला आजवर पटलेला नाही.

४८ व्होल्टचं बटण कधी दाबायचं?

या बटणाने इंटरफेस माइकला वीज देतो. माइक कंडेन्सर (अशी वीज लागणारा) असेल तरच दाबा. शुअर एसएम५८सारख्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नाही. चांगल्या बॅलन्स्ड वायरवर चुकून चालू राहिलं तरी त्याचं सहसा काही बिघडत नाही. रिबन माइक मात्र बिघडू शकतो. क्रम असा ठेवा: गेन शून्यावर आणा, स्पीकर बंद करा, माइक जोडा आणि मग ४८ व्होल्ट चालू करा. काढताना आधी ४८ व्होल्ट बंद करा, थोडं थांबा आणि मग वायर काढा.

गेन कुठे ठेवू?

बुवांना म्हणावं, रूपाच्या अभंगाचा आलाप नको, गजरातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण जोराने गाऊन दाखवा. त्या ओळीला सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत जाईल एवढाच गेन द्या. लोक नेमके उलट करतात. सुरुवातीच्या संथ गाण्यावर गेन लावतात, आणि अर्ध्या तासाने रंग चढला की लाल दिवा लागतो. लाल दिव्याला छाटला गेलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. कमी घेतलेला आवाज मात्र नंतर आरामात वाढवता येतो, २४ बिटचा उपयोग नेमका इथे होतो.

माइक बदलला की गेन पुन्हा लावा. ऑडिओ-टेक्निका एटी२०२०सारखा कंडेन्सर त्याच आवाजाला एसएम५८च्या सुमारे साडेसातपट व्होल्टेज देतो, म्हणजे जवळजवळ १८ डेसिबलचा फरक. एकाची खूण दुसऱ्याला लावली की सगळं फाटतं.

घरात कुठली खोली चांगली?

जुन्या घरात माजघर. चारी बाजूंना खोल्या असल्याने रस्त्याचा, पंपाचा, कोंबड्यांचा आवाज गाळून येतो, आणि वर माळा असला तर पावसाचा आवाजही बराच अडतो. नव्या स्लॅबच्या घरातला फरशीचा हॉल दिसायला मोठा, पण रेकॉर्डिंगला वाईट. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली तर तीच शेपटी गाण्यातल्या प्रत्येक शब्दाला लागणार.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. ते आवाज फारसे शोषत नाहीत आणि पेट मात्र पटकन घेतात. घरातल्या जाड गोधड्या दोरीवर टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. गोधडी भिंतीला टेकवली तर फक्त वरचे स्वर शोषते, मधे हवा ठेवली की थोडे खालचेही. गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणून त्याला गाणाऱ्यामागची भिंतच जास्त ऐकू येते. कोपऱ्यांत गाद्या उभ्या करा, भाताची भरलेली पोती असतील तर तीही राहू द्या.

फ्रिज आणि पंखा टेकपुरता बंद ठेवा. रातकिड्यांचं आणि समुद्राच्या गाजेचं काही करता येत नाही. किनाऱ्यालगतच्या घरात ती गाज राहणारच, आणि मला विचाराल तर थोडी राहिली तर बिघडत नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून तोच तुकडा लागतो.

बुवा पेटी वाजवतच गातात. पखवाज शेजारी, मागे झांज. माइक कुठे लावायचे?

हा प्रश्न कुठल्याही पुस्तिकेत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला नियम: प्रत्येक माइक आपल्या वाद्याच्या जितका जवळ आहे, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माइक हवा. गळ्याचा माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर पेटीचा माइक त्या माइकपासून निदान ४५ सेंटिमीटर दूर. हे पाळलं नाही तर एकच आवाज दोन माइकमध्ये थोड्या थोड्या फरकाने पोहोचतो आणि ट्रॅक एकत्र केल्यावर पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो.

दुसरा नियम माइकच्या पाठीचा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माइकला मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकू येतं. बसण्याची जागा त्यावरून ठरवा. गळ्याच्या माइकची पाठ पखवाजाकडे येईल असा पखवाजवाला समोर बसवा. मंचावर तो बाजूला बसतो ते प्रेक्षकांसाठी. घरात प्रेक्षक नाहीत, बैठक बदला.

पेटीला माइक समोरून आणि वरून, हातभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर, पट्ट्यांकडे तिरका. भात्याच्या बाजूने लावला तर हवेची फुसफुस आणि लाकडाची करकर सुरांच्या आधी ऐकू येते. भात्याचे बिजागर कुरकुरत असतील तर रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दुरुस्त करून घ्या.

पखवाजाला एकच माइक असेल तर वादकाच्या समोर, खोडाच्या मध्यावर, साधारण अर्ध्या मीटरवर, तोंड किंचित शाईच्या बाजूला वळवून. कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा खोलीत पसरतोच, त्याच्यासाठी माइक तिकडे वळवावा लागत नाही. दोन माइक असले तर एकेका तोंडाला एकेक. या ट्रॅकवर ८० हर्ट्‌झचा लो कट (खालचे स्वर कापणारी सोय) लावू नका, तो गळ्यासाठी असतो. पखवाजाला लावला तर घुमाऱ्याचा पायाच निघून जातो. पावसाळी हवेत कातडं सैल पडून पखवाज उतरतो, म्हणून प्रत्येक टेकआधी पेटीच्या सुराला लावून घ्या.

झांजेला माइक नकोच. ती सगळ्या माइकमध्ये आपोआप येते. वादकाला दोन-तीन मीटर मागे, शक्य झालं तर दाराच्या पलीकडे पडवीत बसवा. कोरस आणि टाळ एकत्र असतील तर त्या सगळ्यांना मिळून एक माइक, थोडा उंचावर.

दोनच इनपुट असतील तर माझी निवड अशी: एक गळ्याला, दुसरा पेटी-पखवाजाच्या मध्ये, पखवाजापासून थोडा लांब. पखवाज मुळातच दणदणीत आहे, पेटीची काळजी घ्या.

डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) मंडपातला आवाज मिक्सरमधून थेट घेता येईल का?

येईल, आणि घ्याच. मंडपवाल्याकडून मिक्सरचा रेकॉर्ड आउट किंवा जादा आउट मागा आणि तो इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये लावा, माइकच्या इनपुटमध्ये नाही. ४८ व्होल्ट बंद असल्याची दोनदा खात्री करा, ते मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटं गेलं तर नुकसान होऊ शकतं. मिक्सरमधून गळा जास्त आणि पखवाज कमी मिळेल, कारण पखवाज मंडपात तसाही ऐकू येतो आणि ऑपरेटर तो कमी ठेवतो. म्हणून दुसऱ्या इनपुटवर एक माइक प्रेक्षकांत ठेवा. लोकांची दाद त्यात येते, आणि समोरच्या बुवांच्या टोल्यानंतर उसळलेला मंडप नसेल तर ती डबलबारी वाटत नाही. दशावताराच्या दहीकाल्यालाही हीच जोडणी चालते, फक्त तिथे रात्रभराची तयारी लागते.

पावसाळ्यात रेकॉर्डिंग करावं का? यंत्रं कशी सांभाळायची?

अडचण अशी की गणपतीची भजनं आणि आरत्या बसवायचा काळ आषाढ-श्रावणाचा, आणि पाऊस तेव्हाच जोरात. पत्र्यावर सर लागली की थांबण्यावाचून इलाज नाही. पावसाचा आवाज सगळ्या सुरांवर पसरतो, तो सॉफ्टवेअरने काढला तर गळ्याचा पोतही निघतो. दोन सरींमधल्या उघडिपीत एकेक कडवं घ्या, माइक जवळ ठेवा आणि कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक वापरा.

डायनॅमिक सुचवण्याचं दुसरं कारण दमट हवा. कंडेन्सर माइकच्या आतला पडदा फार सूक्ष्म विद्युतभारावर काम करतो. ओलावा बसला की तो भार गळतो आणि माइक मध्येच तडतडतो, फटफट करतो. माइक गेला असं समजून लोक नवा घेतात, खरं तर एक-दोन दिवस कोरड्यात ठेवला की तो बहुतेक वेळा पुन्हा नीट चालतो. उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासमोर मात्र धरू नका.

वापर झाला की कंडेन्सर माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. केशरी रंगाचं जेल घ्या, ओलावा पिऊन ते हिरवट झालं की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळं जेल टाळा, त्यातलं कोबाल्टचं रसायन विषारी असतं. स्वयंपाकाचा तवा कुठल्याही जेलला वापरू नका. एसीच्या खोलीतून माइक थेट दमट ओटीवर आणला तर त्यावर दंव धरतं, म्हणून डब्यातच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या.

खाऱ्या हवेने जॅकवर हिरवट थर चढतो आणि आवाज येतो-जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन जॅक पुसा, सॉकेटसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि सुकू द्या. सॉकेटमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. इंटरफेस कपाटात महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चालू केलेला बरा, त्याच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा निघतो.

सॉकेटमध्ये माती कुठून येते?

कुंभारीण माशी. पी-३८ची आणि कॅननची भोकं तिला घर बांधायला नेमकी सापडतात. वापरात नसलेल्या सॉकेटना रबरी टोप्या लावा, टोप्या नसतील तर इंटरफेसला कापडी पिशवी घाला.

इंटरफेस मोबाइलला लावता येतो का?

क्लास कंप्लायंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा) असेल तर येतो. अँड्रॉइडला ओटीजी अ‍ॅडाप्टर, जुन्या आयफोनला लाइटनिंगचा कॅमेरा अ‍ॅडाप्टर, आयफोन १५पासून पुढे थेट टाइप-सी. फोन पुरेशी वीज देऊ शकला नाही तर इंटरफेस सुरू होतो आणि ४८ व्होल्ट चालू करताच बंद पडतो. अशा वेळी वेगळी वीज मिळणारा हब मधे लावा. टेक सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका.

सॉफ्टवेअर कुठलं?

शिकायला ऑडासिटी, मोफत आहे. चार ट्रॅकचं काम नियमित करायचं असेल तर रीपर, ते ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं आणि साधारण लॅपटॉपवरही हलकं चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड त्यातच मिळतं.

फाइली किती मोठ्या होतात आणि कुठे ठेवायच्या?

४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. दोन ट्रॅकची तासाभराची बैठक म्हणजे साधारण एक जीबी. मूळ वेव्ह फाइल कधीही पुसू नका, एमपी३ फक्त पाठवायला करा. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव आणि पट्टी लिहा, उदाहरणार्थ ‘काळी एक’. दहा वर्षांनी ‘नवीन रेकॉर्डिंग ३’ हे कोणाचं होतं ते कोणालाच सांगता येत नाही. गाणाऱ्याला विचारूनच रेकॉर्ड करा आणि पुढे टाकण्याआधी लेखी होकार घ्या. आपल्याकडच्या कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं राहतो.

प्रती तीन ठेवा: लॅपटॉपवर एक, वेगळ्या हार्ड डिस्कवर एक आणि तिसरी घराबाहेर. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी घरांत शिरलं तेव्हा एकाच कपाटात ठेवलेल्या दोन्ही प्रती एकत्र भिजण्याचा धोका काय असतो, हे सगळ्यांना दिसलं. मुंबईला कोणी नातेवाईक असतील तर गणपतीला गावी आल्यावर त्यांच्याजवळ डिस्क द्या, आणि शिमग्याला येताना ती परत मागवून नवी रेकॉर्डिंग त्यात भरा.